तारेवरची ख्यालीखुशाली

(एकाच कामात गुंतलेली, पण एकमेकांपासून दूर बसलेली माणसे कामाशिवाय आणखी काय बोलतात? अशा बोलण्याने काम बिघडते की सुधारते? तारयंत्राच्या काळापासून घरी बसून संगणकावर काम करण्याच्या काळापर्यंतची काही उदाहरणे घेऊन प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे.)

एखाद्या कारखान्यात, दुकानात किंवा कार्यालयात थोडा वेळ उभे राहून पाहा. माणसे काम करता करता बोलत असतात. "काय, आज उशीर झाला?" "मुलाचा ताप उतरला का?" "त्या यंत्राचा पट्टा पुन्हा सुटला वाटते!" या बोलण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. त्याचा पगारही मिळत नाही. मराठीत याला 'ख्यालीखुशाली विचारणे' असे म्हणतात. तुमच्या लक्षात आलेच असेल, की यातील 'खुशाली' हा शब्द उर्दूतील 'खुशहाली'चा जवळचा नातलग आहे. उर्दूत आपण 'खैरियत' विचारतो, मराठीत 'खुशाली' विचारतो. शब्द निराळे असले, तरी त्यांमागील आपुलकी एकच.

शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याशी असे बोलणे सोपे आहे. पण सहकारी शंभर कोसांवर असेल तर? त्याचे तोंड दिसत नसेल, आवाजही ऐकू येत नसेल तर? हा प्रश्न आजच्या संगणकयुगातला वाटतो. प्रत्यक्षात तो पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुना आहे. तो प्रथम तारमास्तरांपुढे उभा राहिला.

२४ मे १८४४ रोजी सॅम्युअल मोर्स यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरातून बाल्टिमोर शहरी तारेने पहिला जाहीर संदेश पाठवला. त्यांच्या लिपीत प्रत्येक अक्षरासाठी टिंब आणि रेघ यांची ठरावीक जुळणी होती. तारमास्तर कळ दाबत असे आणि दुसऱ्या टोकाला यंत्र 'कट्ट, कडकट्ट' असा आवाज करत असे. सुरुवातीला कागदाच्या पट्टीवर खुणा उमटत व त्या वाचून मजकूर लिहिला जाई. पुढे तारमास्तरांचे कान इतके तयार झाले, की नुसता आवाज ऐकून ते शब्द लिहू लागले. कागदाची पट्टी मागे पडली.

आता गंमत पाहा. तारेचा उपयोग सरकारी हुकूम, बाजारभाव आणि तातडीच्या बातम्या पाठवण्यासाठी व्हायचा होता. परंतु दोन माणसे दोन टोकांना बसली, की ती केवळ कामाचेच बोलतील असे कसे होईल? १८४४ साल संपण्यापूर्वीच वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्या दरम्यान तारेवरून बुद्धिबळाचे डाव खेळले गेले! रात्री संदेशांची गर्दी ओसरली, की तारमास्तर एकमेकांशी गप्पा मारत. हवापाणी, घरची खबरबात, थट्टामस्करी असे सारे काही टिंब आणि रेघ यांतून चाले.

या गप्पांची एक खास भाषा तयार झाली. प्रत्येक तारमास्तराची एकदोन अक्षरांची स्वतःची खूण असे. तारेवर तेच त्याचे नाव. दर वेळी पूर्ण शब्द ठोकत बसणे कंटाळवाणे होते, म्हणून शब्दांची काटछाट झाली. काही वाक्यांना तर आकडेच दिले गेले. '३०' म्हणजे 'मजकूर संपला'. '७३' म्हणजे 'मनःपूर्वक शुभेच्छा'. तारेचे दिवस सरले, तरी हौशी रेडिओचालक आजही निरोप घेताना '७३' म्हणतात. आज भ्रमणध्वनीवर शब्द तोडून मोडून लिहिणाऱ्या मुलांना मोठी माणसे रागावतात. त्या मुलांचे हे पूर्वज!

यापेक्षाही नवलाची गोष्ट पुढेच आहे. तारेवर अक्षर, चेहरा, आवाज यांपैकी काहीही पोचत नव्हते. तरीही जुना तारमास्तर दोनचार शब्द ऐकून सांगत असे, की 'पलीकडे अमुक बसला आहे.' कोणी टिंब जरा लांबवी, कोणी दोन शब्दांमध्ये किंचित थांबे, कोणी घाईने कळ दाबी. जसे प्रत्येकाचे हस्ताक्षर निराळे, तसा प्रत्येकाचा 'हात' निराळा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी या गोष्टीचा उपयोग करून घेतला. शत्रूचा संदेश सांकेतिक असल्यामुळे समजला नाही, तरी पाठवणाऱ्याचा हात ओळखून ती तुकडी कोठून कोठे सरकली हे ताडता येत असे. माणूस आपली ओळख पूर्णपणे लपवू शकत नाही, हेच यावरून दिसते.

प्रसिद्ध संशोधक थॉमस एडिसन हे तरुणपणी तारमास्तर होते. त्यांना ऐकू कमी येत असे, तरी तारयंत्राचा खडखडाट त्यांना नीट समजे. तारेच्या भाषेची त्यांना इतकी गोडी होती, की आपल्या दोन मुलांना त्यांनी लाडाने 'डॉट' आणि 'डॅश' म्हणजे 'टिंब' आणि 'रेघ' अशी नावे दिली होती.

आपल्या देशातही तार लवकरच आली. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरांच्या देखरेखीखाली १८५० मध्ये कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तारमार्गाचे काम सुरू झाले. १८५४ पर्यंत कलकत्ता आणि मुंबई ही शहरे आग्र्यावरून तारेने जोडली गेली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे 'तार आली' एवढे शब्द ऐकले, की घरातील माणसांच्या काळजात धस्स होत असे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली.

दूरच्या सहकाऱ्याशी होणाऱ्या बोलण्याचे मोल किती असते, हे ऑस्ट्रेलियातील एका तारमार्गाच्या हकिकतीवरून चांगले समजते. त्या खंडाच्या दक्षिणेला ॲडलेड शहर आहे आणि उत्तरेला डार्विन बंदर. मध्ये ओसाड वाळवंट. चार्ल्स टॉड यांच्या नेतृत्वाखाली हे वाळवंट ओलांडून सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची तार टाकण्यात आली. त्यासाठी सुमारे ३६,००० खांब रोवले गेले. २२ ऑगस्ट १८७२ रोजी तारेची दोन टोके जोडण्यात आली. डार्विनपासून समुद्राखालील तार जावा बेटापर्यंत गेली होती. तेथून संदेश सिंगापूर, मद्रास, मुंबई आणि एडन या मार्गाने लंडनला पोचत असे. म्हणजे ऑस्ट्रेलियाची ख्यालीखुशाली आपल्या मुंबईवरूनच जात होती!

त्या काळी इतक्या लांब एका दमात संदेश जात नसे. वाटेत विजेचा जोर कमी होई. म्हणून दोनशे ते तीनशे किलोमीटरांवर एकेक ठाणे बांधले होते. तेथील तारमास्तराने संदेश ऐकायचा, लिहायचा आणि पुढच्या ठाण्याकडे पुन्हा ठोकायचा. ठाण्यावर मोजकी माणसे असत. आजूबाजूला गाव नाही, बाजार नाही. धान्य, कपडे आणि औषधे उंटांच्या तांड्यांवरून येत. हे तांडे हाकणारे उंटवाले आजच्या अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत या देशांच्या भूमीतून तेथे गेले होते. ऑस्ट्रेलियात त्या सर्वांना 'अफगाण' म्हणत. ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या आजच्या आगगाडीचे नाव 'द घॅन' आहे. ते या उंटवाल्यांवरूनच पडले.

अशा ठिकाणी तारमास्तराचा शेजारी कोण? तीनशे किलोमीटरांवरचा दुसरा तारमास्तर. त्याच्याशी तारेवर चार शब्द बोलणे, हाच दिवसाचा विरंगुळा. कामाची तार आणि मनाची तार एकच होती.

त्या तारेने एकदा फार जड ओझे वाहिले. २२ फेब्रुवारी १८७४ रोजी बॅरो क्रीक या ठाण्यावर हल्ला झाला. ती भूमी मूळची कायटेटी आदिवासींची. बाहेरून आलेल्यांनी त्यांच्या मुलखात ठाणे उभारले होते. या हल्ल्यात ठाण्यावरील एक कामगार ठार झाला आणि ठाणेप्रमुख जेम्स स्टेपलटन प्राणघातक जखमी झाले. जवळपास डॉक्टर नव्हता. ठाण्यावरून ॲडलेडला तार गेली. तेथील तार कार्यालयात डॉक्टरांना बोलावण्यात आले आणि ते तारेवरूनच उपचार सांगू लागले. स्टेपलटन यांच्या पत्नी ॲडलेडमध्ये राहत होत्या. त्यांनाही कार्यालयात आणण्यात आले. मैलोगणती दूर असलेल्या त्या पतिपत्नींनी अखेरचा निरोप घेतला, तो या तारेवरच. पुढच्या दिवशी स्टेपलटन यांचे निधन झाले. यानंतर सूड म्हणून पोलिसांच्या तुकडीने अनेक आदिवासींना ठार मारले. त्यांची बाजू मांडणारी तार मात्र कोठेच ठोकली गेली नाही. ज्याच्या हाती कळ असते, त्याचेच दुःख दूरवर पोचते, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता विसाव्या शतकाकडे वळू. कामाच्या ठिकाणच्या गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पुष्कळ अधिकाऱ्यांना वाटते. हे खरे आहे का? झेरॉक्स ही छायाप्रती काढणारी यंत्रे बनवणारी अमेरिकन कंपनी. तिचे तंत्रज्ञ दिवसभर निरनिराळ्या ग्राहकांकडे एकेकटे जाऊन यंत्रे दुरुस्त करत. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्याबरोबर राहून त्यांच्या कामाचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचे यासंबंधीचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ऑर यांना काय आढळले? कंपनीने प्रत्येक तंत्रज्ञाला एक जाडजूड पुस्तिका दिली होती. 'असा बिघाड दिसला तर असे करा' हे तिच्यात क्रमाने सांगितले होते. पण यंत्रे काही पुस्तिका वाचून बिघडत नाहीत! खरे अवघड बिघाड पुस्तिकेबाहेरचेच असत. मग तंत्रज्ञ काय करत? सकाळी न्याहारीला किंवा दुपारी जेवणाला ते एकत्र जमत आणि एकमेकांना यंत्रांच्या गोष्टी सांगत. 'माझ्या यंत्राने काल अशी फसवणूक केली', 'अरे, मलाही असाच अनुभव आला होता' असे बोलता बोलता एकाचे ज्ञान सर्वांचे होई. वरवर पाहता त्या गप्पा होत्या. वास्तविक ती त्यांची शाळा होती. कंपनीनेही शहाणपणा दाखवला. गप्पा बंद करण्याऐवजी तिने काही तंत्रज्ञांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून रेडिओसंच दिले. आता प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी काम करत असला, तरी त्याच्या कानाशी सहकाऱ्यांची मैफल होती.

मात्र दूरच्या बोलण्यात एक मोठा धोका असतो. समोरासमोर आपण हसून बोललो, की थट्टा कळते. लिहिलेल्या शब्दांना हसू नसते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकांचे संशोधक एका सामाईक संगणकीय सूचनाफलकावर एकमेकांना मजकूर लिहीत. १९८२ मध्ये तेथे लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद कोणीतरी लिहिला. काहींना तो खरा इशारा वाटला! अशा गैरसमजांवर उपाय म्हणून स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी एक सूचना केली. थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस ही तीन चिन्हे ओळीने लिहावीत :-) असे त्यांनी सुचवले. मान डावीकडे कलती करून पाहिले, की हसरा चेहरा दिसतो. आज भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांचे हे एक आरंभीचे रूप होय.

२०२० मध्ये करोनाची साथ आली. २५ मार्च २०२० पासून आपल्या देशभर टाळेबंदी लागू झाली. कार्यालये बंद पडली आणि लक्षावधी लोक घरूनच संगणकावर काम करू लागले. काम चालू राहिले, पण चहाच्या टपरीवरची, जिन्यातली, डबा खाताना होणारी बोलणी थांबली. याचा परिणाम काय झाला? अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास करण्यात आला व तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वच जण घरून काम करू लागल्यावर माणसे आपल्याच गटातील ओळखीच्यांशी अधिक बोलू लागली. दुसऱ्या गटांतील माणसांशी असलेले धागे मात्र कमी झाले, असे त्यात दिसून आले. या धाग्यांवरूनच नवी माहिती येत असते. जिन्यात सहज भेटणारा माणूस आपण मुद्दाम संदेश पाठवून बोलावत नाही, हे यामागचे साधे कारण असावे.

अर्थात, याची दुसरी बाजूही आहे. घरून काम केल्याने प्रवासाचा वेळ वाचतो. लहान मूल किंवा आजारी वडीलधारे माणूस घरी असेल, तर त्याच्याकडे लक्ष देता येते. ज्याला चालणे कठीण आहे, त्यालाही नोकरी करता येते. म्हणून दूर राहून काम करणे वाईट, असे म्हणता येणार नाही. जे बोलणे पूर्वी आपोआप होत असे, ते आता आठवणीने करावे लागते, इतकाच फरक आहे.

ते कसे करावे? तारमास्तरांपासून आपल्याला पुष्कळ शिकता येईल. काम सांगण्यापूर्वी एका ओळीत खुशाली विचारावी. रात्री-अपरात्री गप्पांचे संदेश पाठवू नयेत. तारमास्तरही तार मोकळी होण्याची वाट पाहत असत. उत्तराला उशीर झाला, तर लगेच रागावू नये. पलीकडे काय चालले आहे, हे आपल्याला दिसत नसते. अमेरिकेतील एकाच तारेवर अनेक ठाणी असत. त्यामुळे दोघांचे बोलणे सर्वांना ऐकू जाई. आजच्या गटांतही एकाला लिहिलेले अनेक जण वाचतात आणि पुढे पाठवतात. म्हणून कोणाची निंदा किंवा कोणाचे खाजगी दुःख तेथे मांडू नये. आणि एखादा नेहमी बोलणारा सहकारी अचानक गप्प झाला, तर त्याला आवर्जून विचारावे, "बरे आहे ना?"

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना उद्या अशीच कामे करावी लागतील. कोणी मालेगावात बसून मुंबईचे हिशेब लिहील, कोणी भिवंडीतून पुण्याच्या कचेरीचे काम करील. तुमचे सहकारी कोणी मराठी बोलणारे असतील, कोणी उर्दू, कोणी तमिळ. त्यांचा चेहरा तुम्हाला दिसेलच असे नाही. पण तुमचा 'हात' त्यांना ओळखू येईल.

शब्दार्थ
ख्यालीखुशाली – क्षेमकुशल, खैरियत
तारमास्तर – तारयंत्र चालवणारा कर्मचारी
ओसरणे – कमी होणे
ताडणे – अंदाजाने ओळखणे
विरंगुळा – मन रमवण्याचे साधन
अपव्यय – व्यर्थ खर्च
तांडा – काफिला
टाळेबंदी – सर्व व्यवहार बंद ठेवणे
आवर्जून – मुद्दाम, आठवणीने

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तारेवर '७३' या आकड्याचा अर्थ काय होता?
(आ) एडिसन यांनी आपल्या मुलांना लाडाने कोणती नावे दिली होती?
(इ) 'द घॅन' हे नाव कोणावरून पडले?
(ई) भारतातील तारसेवा केव्हा बंद झाली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ऑस्ट्रेलियातील तारमार्गावर ठिकठिकाणी ठाणी बांधावी लागली.
(आ) स्कॉट फालमन यांनी हसऱ्या चेहऱ्याची खूण सुचवली.
(इ) तंत्रज्ञांच्या गप्पांना लेखकाने 'शाळा' म्हटले आहे.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तारमास्तर एकमेकांना कसे ओळखत?
(आ) बॅरो क्रीक ठाण्याची हकिकत तुमच्या शब्दांत सांगा.
(इ) 'ज्याच्या हाती कळ असते, त्याचेच दुःख दूरवर पोचते' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
काळजात धस्स होणे, ध्यानात ठेवणे, निरोप घेणे, मागे पडणे.

प्र. ५. भाषाभ्यास.
काही शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचे लिंग बदलते. उर्दूत 'तार आया', तर मराठीत 'तार आली'. उर्दूत 'आवाज आई', तर मराठीत 'आवाज आला'. 'काम' हा शब्द उर्दूत पुल्लिंगी, तर मराठीत नपुंसकलिंगी आहे. पाठातून दोन्ही भाषांत असलेले आणखी चार शब्द शोधा, त्यांचे मराठीतील लिंग ओळखा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम
घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा : त्यांच्याकडे कधी तार आली होती का? तेव्हा घरात काय घडले? त्यांनी सांगितलेली हकिकत दहा ओळींत मराठीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.